मी मागितलेला आडोसा आणि मावशींची विहीर

पिंपरीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकिणीने कुलूप काढण्याआधी आमच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "आदी पानी प्या, मंग खोली बगा," म्हणाल्या. आम्ही स्टेशनपासून उन्हातून चालत आलो होतो. आमच्या यांनी घटाघटा पिऊन, मिशी पुसून, "वा, अमृत आहे हो," असं म्हटलं. यांना असं वेळेवर बोलणं छान जमायचं. मला आजतागायत जमलेलं नाही. मी रत्नागिरीकडची, परसातल्या विहिरीवर वाढलेली, मला कुणाच्या पाण्याचं कौतुक कसं वाटावं? मी म्हटलं, "बरं आहे." मालकीणबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की खोली हातची गेली असंच मला वाटलं. शेवटी त्यांनी कुलूप काढलं आणि खोली दाखवली ती यांना. माझ्याकडे पाठ करूनच उभ्या होत्या.

पन्नास सालाच्या पुढची ती वर्षं. पिंपरी तेव्हा खेडंच होतं, पण आता फार दिवस खेडं राहणार नाही हे दिसत होतं. एका अंगाला ज्वारी उभी आणि दुसऱ्या अंगाला कारखान्याची भिंत उभी राहतेय, असा प्रकार. हे त्या भिंतीच्या आत फिटर म्हणून लागले होते. आमच्या घरमालकांनी शेताच्या कडेला सहा खोल्यांची विटांची चाळ बांधली होती आणि सहाही खोल्यांत आमच्यासारखे गाव सोडून आलेले लोक. मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्या यजमानांना आम्ही बाबा म्हणायचो. बाबा दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत असतील. उरलेलं सगळं मावशी बोलायच्या.

आणि मावशी बोलायच्या त्यातलं अर्धं विहिरीबद्दल असायचं. चाळीपासून हाकेच्या अंतरावर आंब्याखाली ती विहीर होती, उतरायला अठरा पायऱ्या. त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. मावशी लग्न होऊन आल्या ते वर्षच खोदाईचं, त्यामुळे अंगावरची हळद उतरायच्या आत डोक्यावर दगडांची पाटी आली. "सासू म्हनली, रांदायचं मागनं शिक, आदी दगड वाहा," असं त्या हसत सांगायच्या. सुरुंग लावून खडक फोडला आणि पूर्वेच्या अंगाला कातळाच्या चिरेतून झरा फुटला, तेव्हा सासरे त्या चिखलातच मांडी घालून बसले आणि रडले. ही हकीकत मी पहिल्या महिन्यात चार वेळा ऐकली. पाचव्या वेळी पुढचं वाक्य मीच म्हणून दाखवलं, तर मावशी रुसल्या. दोन दिवस माझ्या दारावरून जाताना पदर सावरायच्या आणि पुढे जायच्या.

पाणी खरंच चांगलं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण तुरीची डाळ एका उकळीत गळायची आणि केस धुतले की हातातून निसटायचे. स्टेशनाकडच्या बायका एवढ्या लांबून पिण्याच्या पाण्यापुरती कळशी भरायला यायच्या. मावशी कुणाला अडवत नसत. फक्त चप्पल घालून पायरीवर पाय ठेवलेला त्यांना चालत नसे. स्वतः त्या दुसरं पाणी पीतच नसत. माहेर निघोज्याला. भावाकडे दोन दिवस राहायला निघाल्या तरी गाडीत आधी पाण्याची कळशी चढायची, तोंडाला फडकं बांधून. भावजय म्हणायची, "वन्सं, आमच्या हिरीत काय पाल पडलीया का?" मावशींना त्याचं काहीही वाटत नसे. उलट आल्यावर हे आम्हांला मोठ्या खुशीत सांगायच्या.

मग आसपास चाळी वाढू लागल्या. ज्याचं शेत रस्त्याला लागून, तो खोल्या बांधी. प्रत्येक चाळीला विहीर हवी, विहिरीवर तेलाचं इंजिन हवं. बांधकामाला पाणी, कारखान्याला पाणी, माणसांना पाणी. सकाळी उठलं की चारी बाजूंनी इंजिनांची फटफट सुरू. मी आले त्या चैत्रात विहिरीच्या अठरापैकी सात पायऱ्या कोरड्या असायच्या. तिसऱ्या चैत्रात बारा झाल्या. मावशी रोज सकाळी उतरायच्या, ओल्या पायरीपर्यंत मोजायच्या आणि वर येऊन बाबांना आकडा सांगायच्या. बाबा "हं" म्हणायचे. चाळीच्या मागे मावशींच्या आजेसासऱ्यांच्या वेळचा एक अरुंद आड होता, पूर्वी घरचं पाणी त्यातून भरत. तो त्या वर्षी पार आटला. मावशींनी त्यावर फळी टाकली आणि म्हणाल्या, "आड मेला." झरा जिवंत असतो तशी विहीर जिवंत असते, आणि झरा गेला की ती मेली, असा तिकडचा हिशोब. मेलेल्या आडाचं कुणी काही मानत नाही. त्यात फुटकी मडकी टाका, केरकचरा टाका, पाप लागत नाही.

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे आणि त्यात मी चांगली दिसत नाही.

चाळीला संडास नव्हता. बायका पहाटे ज्वारीच्या शेतात जायच्या. ज्वारी होती तोवर आडोसा होता. शेतं गेली, चाळी आल्या, आणि आडोसा रोज थोडा लांब जाऊ लागला. त्यात मला दिवस गेलेले. तिसरा महिना, सारखी मळमळ. एके दिवशी पहाटे मी नेहमीच्या जागी गेले तर तिथे रातोरात विटांचे ढीग आले होते आणि गवंडीकामाची माणसं विडी ओढत बसली होती. त्यांनी काही केलं नाही. नुसती बघत राहिली. मी तांब्या घेऊन तशीच परत फिरले, आणि चाळीच्या अंगणात मावशी सडा घालत होत्या त्यांच्यासमोर तो तांब्या आपटला. "विहीर विहीर करता," मी म्हटलं, "आणि चाळीतल्या सहा बायकांनी कुठे जायचं ते सांगा. संडास बांधा, नाहीतर आम्ही खोली सोडतो." हे दारात दात घासत उभे होते, ते घासायचे थांबले.

मावशींना घराजवळ घाण ही कल्पनाच सहन होत नव्हती. पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी रडत होते. त्यांनी बादली खाली ठेवली. "रडू नगंस. पोटात पोर हाय," म्हणाल्या. "बांदू."

बांधायचं तर खड्डा हवा. दोन हात मुरूम आणि खाली काळा कातळ, सुरुंगाशिवाय एक वीतही जात नाही. तेव्हा बाबा बोलले. त्या दिवसातलं ते बहुधा त्यांचं पहिलंच वाक्य असावं. "आड हाय की आयता." सगळ्यांना एकदम पटलं. खोल, कोरडा, चाळीमागे, कुणाच्या नजरेआड. मेलेला आड, त्याला काय होतंय? आठ दिवसांत आडावर दगडी फरशा, चार भिंती, पत्रा आणि फळ्यांचं दार झालं. मी त्या दाराला आतून कडी लावली आणि नुसती उभी राहिले. वयात आल्यापासून एवढं निवांत मी कधी उभी राहिले नव्हते. हे खोटं नाही. पुढे जे झालं ते कळल्यावरही ती निवांत घटका मला नकोशी झाली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

पाऊस झाला. विहीर भरली, पायऱ्या बुडाल्या, मावशी खूश. श्रावणात मला पाण्याला वास येतोय असं वाटू लागलं. दिवस गेलेल्या बाईला कशाचाही वास येतो, म्हणून मी गप्प. मग शेजारणीची दोन्ही मुलं जुलाबाने निजली, मग बाबा. डॉक्टर सायकलवरून आला, बाबांचं पोट दाबून बघितलं आणि म्हणाला, "पाणी उकळून प्या." मावशींनी त्याला चहासुद्धा दिला नाही. "माझ्या हिरीचं पानी उकळायचं? त्येला म्हनावं आपलं नाक उकळ." त्यांनी डॉक्टरसमोर कळशीतलं पाणी भांडंभर पिऊन दाखवलं. पंचायतीचा माणूस येऊन लाल औषध टाकून गेला, तर त्याच्याशीही भांडल्या.

मला संशय आला तो विहिरीवर नाही, आडावर. एका दुपारी फळ्यांच्या दाराआड मी खाली वाकून बघितलं. आड कोरडा नव्हता. हाताच्या अंतरावर पाणी आलं होतं. मेलेला आड पावसाने उठून बसला होता. आणि मावशींची हकीकत मला तोंडपाठ होती, झरा पूर्वेच्या अंगाला फुटला, आणि विहिरीच्या पूर्वेला काय आहे तर हा आड. सगळं माझ्या लक्षात आलं, आणि मी आठ दिवस कुणाला काही बोलले नाही. मला सातवा महिना लागला होता. ती कडी पुन्हा माझ्या हातून जाणार, एवढंच मला दिसत होतं. बाबा खाटेवर पडून होते आणि मी स्वतःपुरतं पाणी गुपचूप उकळून पीत होते.

नवव्या दिवशी मावशी माझ्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. सातव्या महिन्यात माहेरचं कुणीतरी काहीतरी करतं. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. लाडू बघून मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी सगळं सांगून टाकलं. मावशी संतापल्या. कोकणातल्या माणसांना कातळातलं काय कळतं, म्हणाल्या. आड मेलाय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. मी वाद घातला नाही, हे माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालं असेल. कपाटात विटलेलं लुगडं रंगवायला आणलेली जांभळ्या रंगाची पुडी होती, ती काढून त्यांच्या पुढे ठेवली. "ही आडात टाकू," मी म्हटलं. "विहिरीत काही दिसलं नाही तर मी तुमची क्षमा मागेन."

मावशींनी पुडीकडे बघितलं. मग स्वतःच उचलली, बादलीत कालवली आणि आडात ओतली.

त्या दिवशी संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मावशी मला ऐकू जाईल अशा आवाजात बाबांना सांगत होत्या की आता क्षमा मागायची वेळ आली, आणि कधी नव्हे ती मलाही आपणच चुकलेलो असावं अशी आस लागली होती. तिसऱ्या दिवशी इंजिन चालवून पाणी शेताला काढलं, पातळी उतरली, आणि पूर्वेच्या कातळाच्या त्या चिरेतून जांभळा ओघळ आला. अगदी बारीक, बोटाएवढा. मावशी ओल्या पायरीवर बसल्या. मी वर काठावर उभी होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "लुगडं रंगवायचं ऱ्हायलं की गं तुजं." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मावशी रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. आठवडाभरात संडास आडावरून हलला. आता सुरुंग लावला, नदीच्या उताराला, विहिरीपासून शक्य तितका लांब. माझी कडी शाबूत राहील हे त्यांनी बाबांना बजावून सांगितलं, मी न मागता. आड उपसून चुना आणि मुरुमाने भरला. दसऱ्यानंतर दोन इंजिनं लावून विहीर तळापर्यंत उपसली, बाबा आजारातून उठलेले तरी स्वतः खाली उतरून गाळ काढत होते. आठ दिवसांनी पाणी पुन्हा गोड लागलं. मी पहिल्यांदा मावशींना सांगितलं, "मावशी, तुमच्या विहिरीसारखं पाणी नाही हो." त्या म्हणाल्या, "बरं हाय." माझाच शब्द मला परत.

पण विहीर आता एकट्या मावशींच्या हातात राहिली नव्हती. वरच्या अंगाला तोवर तीन चाळी झाल्या होत्या, प्रत्येकीला संडास, प्रत्येकाचा शोषखड्डा त्याच कातळात. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा वास येऊ लागला. मावशी तिन्ही चाळमालकांच्या दारात गेल्या. पाया पडल्या असं बाबांनी मला नंतर सांगितलं. चाळमालक वाईट नव्हते. एकानं चहा पाजला, दुसऱ्यानं सांगितलं, मावशी, आमच्या बायकांनी कुठं जावं, तुमीच सांगा. हे वाक्य मावशींनी ऐकून घेतलं, कारण ते त्यांनी आधीही ऐकलं होतं. आणि आडावर पहिला संडास कुणी बांधला हे सगळ्या पिंपरीला माहीत होतं. त्याच सुमाराला रस्त्याकडेला पंचायतीचा नळ आला, नदीचं पाणी औषध घालून यायचं. चाळीतल्या बायका तिकडे जाऊ लागल्या. मावशींनी नळाकडे बघायचंसुद्धा टाळलं.

दिवाळी झाली आणि मला मुलगी झाली, त्याच खोलीत. बाळंतपण मावशींनीच केलं. सव्वा महिना शेक-शेगडी, तेल, डिंक, बाळंतशेपा आणि हंडाभर पाणी सदा झाकलेलं. मला अंथरुणातून उठू देत नसत. मी पाण्याबद्दल विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वास येत नव्हता, तेव्हा मला वाटलं विहीर पुन्हा सुधारली असावी.

सव्वा महिन्याने बाळंतीण विहीर पुजते, त्याशिवाय तिनं घराबाहेरची कामं करायची नाहीत, असा तिकडे रिवाज. विहिरीला हळदकुंकू वाहायचं, पाच खडे मांडून त्यांची पूजा करायची, कळशी भरायची आणि घरी आणून त्यातलं पहिलं बोट बाळाच्या ओठाला लावायचं. पिंपरीतल्या निम्म्या लेकरांचं पहिलं पाणी त्या विहिरीचं होतं आणि त्या प्रत्येक बाळंतिणीला मावशींनी हाताला धरून पायऱ्या उतरवलं होतं. मलाही उतरवलं. हिरवी साडी त्यांनीच दिली. माझ्याआधी त्यांनी स्वतः पूर्वेच्या कातळाला कुंकू लावलं आणि कपाळ टेकवलं. मी कळशी भरली. दोघी सावकाश वर आलो.

खोलीत मुलगी बाबांच्या मांडीवर होती. मी कळशीत बोट बुडवलं आणि खाली वाकले. मावशींनी माझं मनगट धरलं.

"ह्ये न्हाई," म्हणाल्या. "पुजायचं त्ये पुजलंस. पाजायचं न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, मी सव्वा महिना हेच पीत होते ना?"

उत्तर बाबांनी दिलं. "नळाचं पाजलं तुला. ही रोज पाटंचं रांगंत हुबी ऱ्हायची, कुनी बगायच्या आदी."

मावशींनी माझ्या हातातली कळशी घेतली, अंगणात नेऊन आंब्याच्या आळ्यात सगळी ओतली, आणि भर सकाळी, सगळ्या चाळीसमोर, रस्त्याकडे निघाल्या. मी दारात उभी राहून बघत होते. नळाला दहा-बारा बायका होत्या. त्यांनी मावशींना ओळखलं, बाजूला सरकल्या, पुढे या म्हणाल्या. मावशींनी मान हलवली आणि शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा पदर ओला होता. त्यांनीच बोट बुडवलं आणि मुलीच्या ओठाला लावलं. मुलीनं ओठ चाटले, पुन्हा तोंड उघडलं. मावशींनी दुसरं बोट लावलं, मग तिसरं. "आवडलं तिला," त्या म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरलं नाही.